खोलीभर हवा

देवगडकडचं एक घर डोळ्यांसमोर आणा. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, ओटीला लागून एक खोली. बारा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच. सारवण-रंगासाठी ती रिकामी केली आहे. कॉट, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं अंगणात मांडलेलं. आत आता काहीच नाही, असं घरातलं कुणीही सांगेल.

त्या ‘काहीच नाही’चं वजन साधारण ४० किलो भरतं.

समुद्रसपाटीला, कोकणातल्या उकाड्यात, एक घनमीटर हवा १ किलो १७० ग्रॅमच्या आसपास असते आणि या खोलीत ३४ घनमीटर हवा मावते. तांदळाचं एक पोतंच म्हणा ना. या प्रकरणात ते पोतं उसवायचं आहे. आतला एकेक जिन्नस वेगळा काढून तागडीत टाकायचा आणि त्याचं घरात काय काम आहे ते विचारायचं. वजनाचा क्रम एक लागेल आणि कामाचा क्रम जवळजवळ त्याच्या उलटा. वातावरणाबद्दल मला सगळ्यात विलक्षण वाटत आलेली गोष्ट हीच आहे.

सगळ्यात मोठा ढीग नायट्रोजनचा, ३० किलोंचा. शाळेत आपण ७८ टक्के हा आकडा पाठ केलेला असतो. तो आकारमानाचा, म्हणजे पर्यायाने रेणूंच्या संख्येचा. नायट्रोजनचा रेणू ऑक्सिजनच्या रेणूपेक्षा थोडा हलका, म्हणून वजनात तोच वाटा साडेपंचाहत्तर टक्क्यांवर येतो. ३० किलो नायट्रोजन म्हणजे किती, हे शेतकऱ्याला चटकन कळेल. युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात नायट्रोजन ४६ टक्के. म्हणजे एका गोणीत जेमतेम २१ किलो. या रिकाम्या खोलीत दीड गोणी युरियाला पुरेल इतका नायट्रोजन फुकट पडून आहे आणि तरी दुकानातून गोणी आणावीच लागते. कारण नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने असे घट्ट धरून बसतात की पिकाच्या मुळांना ते सोडवता येत नाहीत. आकाशात वीज चमकते तेव्हा तिच्या उष्णतेने काही जोड्या तुटतात. भात कापल्यावर त्याच खाचरात कुळीथ किंवा पावटा पेरतात, त्याच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू ते काम गाजावाजा न करता करतात. माणसाला हे जमलं ते फार उशिरा. जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली नायट्रोजन आणि हायड्रोजन प्रचंड दाबाखाली एकत्र आणून अमोनिया बनवून दाखवला, १९१३ साली ओप्पाऊ इथे त्याचा कारखाना सुरू झाला आणि पुढची युरियाची गोणी त्याच वाटेने आपल्या बांधावर आली. खोलीतला नायट्रोजन मात्र नुसता असतो. आपण तो छातीत घेतो आणि जसाच्या तसा बाहेर सोडतो.

दुसरा ढीग ऑक्सिजनचा, ९ किलोंहून थोडा जास्त. मराठीने त्याला प्राणवायू म्हटलं आणि ते नाव सार्थच आहे. पण पृथ्वीच्या बालपणी हवेत तो जवळपास नव्हताच. समुद्रातल्या नीलहरित जिवाणूंनी सूर्यप्रकाशात पाण्याचा रेणू फोडायला सुरुवात केली, सुटलेला ऑक्सिजन आधी समुद्रातल्या लोखंडाला गंजवण्यात खर्ची पडला, आणि सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साठू लागला. खोलीतले हे ९ किलो सजीवांची कमाई आहेत. झाडं, शेवाळ आणि जिवाणू नसते तर ते खडकांत आणि गंजात कधीच मुरून गेले असते.

आता एक हिशेब करून पाहू. माणसाला दिवसाला साधारण पाऊण ते एक किलो ऑक्सिजन लागतो. खोलीची दारं-खिडक्या लाखेने बंद केली आणि आत एक माणूस ठेवला, तर ९ किलो त्याला दहा-अकरा दिवस पुरायला हवेत. प्रत्यक्षात तो चार दिवसही काढू शकणार नाही. त्याच्या उच्छ्वासातून दिवसाला किलोभर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि एवढ्याशा जागेत त्याचं प्रमाण रोज सुमारे दीड टक्क्याने चढत जातं. दुसऱ्या दिवशी डोकं ठणकू लागेल, श्वास जोराने चालेल, आणि त्यानंतर लवकरच शुद्ध हरपेल. तेव्हाही ऑक्सिजनचा बराच साठा खोलीत शिल्लक असेल. दार बंद असताना माणसाला आधी घेरतो तो त्याने स्वतः सोडलेला वायू.

हा वायू हवेपेक्षा दीडपट जड आहे, मग तो खाली जमिनीलगत थर करून का बसत नाही, असं पुष्कळजण विचारतात. वारा आणि उन्हाने तापून वर चढणारी हवा पृथ्वीवरच्या हवेला सतत घुसळत असते, म्हणून. ताक घुसळत राहिलं तर निवळी वर येत नाही, तसंच. सुमारे ८० ते १०० किलोमीटर उंचीपर्यंत मुख्य वायूंचं प्रमाण जवळपास एकच राहतं. कळसूबाईच्या शिखरावर धाप लागते ती ऑक्सिजनचा टक्का घसरल्यामुळे नव्हे. टक्का तोच असतो, पण १६४६ मीटरवर हवाच एकंदर विरळ झालेली असते.

घुसळण थांबली की काय होतं ते खोल, बिनवापराच्या विहिरीत दिसतं. तिथे वारा पोचत नाही, कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून वायू निघत राहतो आणि तळाशी साचतो. म्हणून तर आत माणूस उतरवण्याआधी दोरीला पेटता कंदील बांधून सोडायची रीत गावोगाव होती. ज्योत विझली तर कुणी उतरायचं नाही. रीत शहाणपणाची होती, पण अपुरी. ज्योतीला फक्त ऑक्सिजनची उणीव कळते. हायड्रोजन सल्फाइड किंवा कार्बन मोनॉक्साइड जीव घेण्याइतके असले तरी कंदील जळत राहू शकतो. विहिरीत पडलेल्याला वाचवायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा, आणि एकाच घरातली माणसं एकामागोमाग जातात. अशा बातम्या अजूनही येतात. कंदिलावर भिस्त ठेवून कुणीही खाली उतरू नये, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

पोत्यातले ३९ किलोंहून जास्त या दोघांतच संपले. उरलेल्यात तिसरा जिन्नस अर्ध्या किलोचा आहे आणि तो आपल्याला इतक्या उशिरा सापडला की आश्चर्य वाटावं. तो आर्गन.

इंग्लंडमधले लॉर्ड रॅले वायूंची घनता अचूक मोजण्याच्या मागे लागले होते. त्यांनी नायट्रोजन दोन वाटांनी मिळवला. एकदा हवेतून ऑक्सिजन आणि इतर सगळं काढून टाकून, आणि एकदा अमोनियासारख्या संयुगांतून. तोच काचेचा गोळा, तोच दाब, तेच तापमान. हवेतला नायट्रोजन भरला की वजन २.३१० ग्रॅम, संयुगातला भरला की २.२९९ ग्रॅम. फरक शंभरात अर्ध्याचा. दुसरा कुणी असता तर तराजूचा दोष म्हणून त्याने वही मिटली असती. रॅलेंनी १८९२ साली ‘नेचर’मध्ये पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांना उघड विचारलं, याचं कारण कुणी सांगेल का? एवढ्या मोठ्या माणसाने आपलं कोडं असं चारचौघांत मांडावं, हे मला त्या शोधाइतकंच मोलाचं वाटतं.

उत्तराचा अर्धा भाग शंभर वर्षांपूर्वीच कागदावर होता. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८५ साली हवेत विजेच्या ठिणग्या पाडत नायट्रोजनला ऑक्सिजनशी संयोग करायला लावलं होतं. सगळा नायट्रोजन संपला तरी एक बुडबुडा उरला, तो काही केल्या जाईना. मूळ नायट्रोजनच्या १२०व्या भागाहून मोठा नव्हता, असं त्यांनी नोंदवून ठेवलं. ती नोंद तशीच पडून राहिली. रॅलेंच्या पत्रानंतर विल्यम रॅम्झी यांनी हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुन्हापुन्हा नेला. मॅग्नेशियमने नायट्रोजन गिळला आणि शेवटी कशाशीच संयोग न करणारा वायू मागे राहिला. वर्णपटात ओळखीची एकही रेषा नव्हती. १८९४च्या ऑगस्टमध्ये दोघांनी नव्या वायूची घोषणा केली. ग्रीक भाषेतल्या ‘निष्क्रिय, आळशी’ या अर्थाच्या शब्दावरून त्याचं नाव आर्गन पडलं. १९०४ साली रॅलेंना भौतिकशास्त्राचं आणि रॅम्झींना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आज एमआयडीसीतल्या कुठल्याही रस्त्यावर ‘येथे आर्गन वेल्डिंग करून मिळेल’ अशी पाटी दिसते. स्टेनलेस स्टील किंवा ॲल्युमिनियम जोडताना तापलेल्या धातूला ऑक्सिजन लागू नये म्हणून आर्गनचा पडदा धरतात. त्याचा आळसच तिथे कामी येतो.

हा अर्धा किलो आर्गन आला कुठून? जमिनीतून. खडकांत पोटॅशियम असतं, त्यातला अगदी थोडा अंश किरणोत्सर्गी असतो आणि अब्जावधी वर्षांच्या संथ गतीने त्याचा काही भाग आर्गन होतो. वितळलेल्या खडकातून हा वायू निसटतो, गोठलेल्या खडकात अडकून राहतो. म्हणजे लाव्हा गोठला त्या क्षणापासून खडकात नवा आर्गन साठू लागतो आणि तो मोजला की खडकाचं वय कळतं. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, हे आपण आज ठामपणे सांगतो ते बव्हंशी आर्गनच्या जोरावर. आळशी म्हटलेल्या वायूने आपल्या डोंगरांची जन्मपत्रिका मांडून दिली.

निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन ही त्याची भावंडं. १८९८ साली रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी ती द्रवरूप हवेतून शोधली. त्यांच्याजवळ रेंगाळत नाही. हेलियमपाशी मात्र थांबायला हवं, कारण आपली खोली विजयदुर्गापासून फार लांब नाही.

खोलीत हेलियम असेल ग्रॅमचे तीन शतांश. चिमटीतल्या मिठाहूनही कमी. तो आधी सूर्यावर सापडला. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सेन गुंटूरला होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट त्यांनी पाहिला. ग्रहण नसतानाही तो पाहता येतो हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमधून स्वतंत्रपणे तेच साधलं. सोडियमच्या पिवळ्या जोडरेषेजवळ एक निराळी पिवळी रेषा होती, पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी न जुळणारी. सूर्यावरून तिला हेलियम म्हटलं गेलं. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि १८६८ साली लॉकियरसाहेबांनी तिथून हेलियम शोधला असं सांगतात. १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिवसही साजरा होतो. त्या उत्साहाचं मला मनापासून कौतुक आहे, पण हकिगत नीट सांगायला हवी. लॉकियर विजयदुर्गावर आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी. लोकांच्या आठवणीत दोन ग्रहणं एकमेकांत मिसळली. खरी गोष्टही काही कमी मोलाची नाही. सूर्यावरचा वायू ज्याने ओळखला तो माणूस, तोच वायू १८९५ साली रॅम्झींना युरेनियमच्या खनिजात पृथ्वीवर सापडल्यानंतर, आपल्या किनाऱ्यावरच्या किल्ल्यात दुर्बिणी मांडून बसला होता.

हेलियमही आर्गनसारखाच जमिनीत जन्मतो, युरेनियम आणि थोरियमच्या विघटनातून. पण तो इतका हलका की वातावरणाच्या वरच्या टोकावरून हळूहळू अवकाशात निसटतो. म्हणून आर्गन अर्धा किलो साठला आणि हेलियम चिमटीएवढाही नाही.

कोरड्या हवेचा हिशेब इथे जवळपास पुरा झाला. उरला कार्बन डायऑक्साइड, सुमारे २६ ग्रॅम. चहाच्या कपात चार-पाच चमचे साखर घालावी इतका. खोलीत रात्रभर एक माणूस दार लावून झोपला तर तासाभरात तो तितकाच आणखी सोडतो. आता या २६ ग्रॅमचं काम पाहा. घराच्या मागे हापूसचं जुनं कलम आहे. त्याचं खोड, फांद्या, पानं, कोयीची टरफलं, रसातली साखर, यांतला सगळा कार्बन हवेतून आलेला आहे. मुळांनी मातीतून घेतलं ते पाणी आणि मूठभर क्षार. टनभर सुकं लाकूड म्हणजे अर्धा टन कार्बन, आणि तो या इतक्या विरळ वायूतून पानांनी कणाकणाने गोळा केलेला.

दुसरं काम उबेचं. अमेरिकेत युनिस फूट यांनी १८५६ साली काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यात जास्त तापते, निवायलाही जास्त वेळ घेते, असं लिहिलं. १८५९ पासून लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल यांनी उष्णतेच्या अदृश्य किरणांवर काटेकोर प्रयोग केले. नायट्रोजन आणि ऑक्सिजन त्या किरणांना जणू काचच. एकसारख्या दोन अणूंचा रेणू उष्णतेच्या किरणांना दाद देत नाही. तीन अणूंचे रेणू, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड, वाकतात, थरथरतात आणि त्या किरणांना धरून ठेवतात. चाळीस किलोंतले साडेएकोणचाळीस किलो या कामात हातच लावत नाहीत. हे उष्णता धरणारे वायू नसते तर पृथ्वीच्या पृष्ठभागाचं सरासरी तापमान शून्याखाली १८ अंश असतं. आज ते शून्यावर १५ अंशांच्या आसपास आहे.

म्हणूनच २६ ग्रॅमची चिंता करावी लागते. चार्ल्स कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ या पर्वतावर मोजणी सुरू केली तेव्हा हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे ३१३ रेणू होते. २०२४ साली तिथली सरासरी ४२४ होती. कारखाने येण्याआधी ती २८० होती आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या बुडबुड्यांवरून दिसतं की गेल्या आठ लाख वर्षांत ती ३००च्या फारशी वर गेलेली नव्हती. आपल्या खोलीच्या भाषेत सांगायचं तर आजोबांच्या आजोबांच्या काळात इथे १७ ग्रॅम होते. वाढलेले ९ ग्रॅम बव्हंशी कोळशाचे, तेलाचे आणि तोडलेल्या जंगलांचे आहेत.

कीलिंग यांचा आलेख दरवर्षी करवतीच्या दात्यासारखा वर-खाली होतो, कारण उत्तर गोलार्धातली झाडं उन्हाळ्यात वायू ओढून घेतात आणि हिवाळ्यात तो परत सुटतो. आपल्या किनाऱ्यावर यात आणखी एक गंमत मिसळते. गोव्यात काणकोण तालुक्यात काब द राम हा समुद्रात घुसलेला कडा आहे, वर जुना किल्ला. तिथे १९९३ पासून काही वर्षं काचेच्या फ्लास्कमध्ये हवा भरली जायची. भारतीय शास्त्रज्ञ आणि ऑस्ट्रेलियातली सीएसआयआरओ ही संस्था यांचं ते संयुक्त काम होतं. बंद फ्लास्क ऑस्ट्रेलियाला जायचे आणि तिथे हवेतला कार्बन डायऑक्साइड, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड मोजला जायचा. हिवाळ्यातल्या फ्लास्कमध्ये भारताच्या जमिनीवरून आलेली हवा असे आणि तिच्यात ज्वलनाच्या खुणा ठळक असत. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की आकडे एकदम पालटत, विषुववृत्ताच्या पलीकडच्या महासागरावरच्या हवेसारखे होत. पुढे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने सिंहगडावरही अशी नमुने घेण्याची सोय केली.

याचा अर्थ मला फार मोलाचा वाटतो. मृगाचा पाऊस आला म्हणतो तेव्हा नुसते ढग आलेले नसतात. देवगडच्या त्या खोलीतली हवाच बदललेली असते. मे महिन्यातली हवा निघून गेलेली असते आणि तिच्या जागी दक्षिण गोलार्धातून, हजारो किलोमीटर समुद्र ओलांडून आलेली हवा भरलेली असते.

आणि ती भिजलेली असते. आतापर्यंत तागडीत न टाकलेला जिन्नस तो, पाण्याची वाफ. तिचं वजन ठरावीक नाही, म्हणून कोरड्या हवेच्या यादीत तिला जागा मिळत नाही. थंडीच्या कोरड्या दिवसांत ती खोलीत पावशेर-अर्धा किलो असेल, आषाढात ८०० ग्रॅमच्या वर. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, मीठ पाझरतं, पापड सादळतात, आगपेटीची काडी घासून घासून पेटत नाही. तरीही ही ओली हवा कोरड्या हवेहून किंचित हलकीच असते, कारण पाण्याचा रेणू नायट्रोजनच्या आणि ऑक्सिजनच्याही रेणूपेक्षा हलका असतो. दमट हवा आपल्याला जड वाटते ती घाम वाळत नाही म्हणून.

वाफेजवळ ऊन साठवलेलं असतं. अरबी समुद्राचं पाणी उडवायला सूर्याने जी उष्णता खर्च केली ती वाफेत दडून येते आणि वाफेचं पुन्हा पाणी होताना सुटते. खोलीतल्या ८०० ग्रॅमचं पाणी झालं तर अर्ध्या युनिटाहून जास्त विजेइतकी उष्णता बाहेर पडेल. एका खोलीची ही गोष्ट. घाटमाथ्यावर चढणाऱ्या ढगात अशा कोट्यवधी खोल्या असतात आणि तीच उष्णता ढगाला आणखी वर ढकलत नेते.

पण वाफेचं पाणी आपोआप होत नाही. वाफेला टेकायला काहीतरी लागतं. पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तेव्हा तांब्याचा पत्रा असतो. आकाशात तांब्या कुठला? १८८०च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या जॉन एटकिन यांनी दोन काचेच्या भांड्यांत वाफ सोडली, एकात साधी हवा होती आणि दुसऱ्यात कापसातून गाळलेली. पहिल्यात दाट धुकं झालं, दुसरं भांडं स्वच्छ राहिलं. धूळ नसेल तर धुकं नाही, ढग नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि पुढे हवेतले कण मोजायचं यंत्रही बनवलं.

खोलीतले कण आता तोलू. सकाळी कौलाच्या फटीतून कवडसा उतरतो आणि त्यात कण नाचताना दिसतात. ते सगळ्यात जाडे. खरी गर्दी डोळ्यांना दिसत नाही. २.५ मायक्रॉनहून लहान कणांसाठी आपल्या देशाने घातलेली चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. अगदी त्या मर्यादेवर असलेल्या हवेत आपल्या खोलीतल्या अशा कणांचं एकूण वजन होईल २ मिलिग्रॅम. चाळीस किलोंत २ मिलिग्रॅम. संख्येने मात्र ते दहा हजार कोटींच्या घरात असू शकतात. डोक्यावरच्या केसाची जाडी पन्नास ते सत्तर मायक्रॉन. हे कण त्याहून इतके बारीक की नाकातल्या केसांना चकवून थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतात, आणि त्यांतले सगळ्यात लहान रक्तातही शिरतात. चुलीपुढे वर्षानुवर्षं फुंकणी धरून बसलेल्या बायकांचे डोळे आणि छाती धुराने खराब झाली, ती या मिलिग्रॅमांच्या भाषेतली गोष्ट आहे. बंद स्वयंपाकघरात चूल पेटली की कण मर्यादेच्या कितीतरी पट वर जातात.

किनाऱ्यावरच्या कणांत मीठ पुष्कळ. लाट फुटते, फेसातले बुडबुडे फुटतात, थेंबांचा फवारा उडतो, त्यातलं पाणी वाळतं आणि मिठाचा कण वाऱ्यावर स्वार होतो. खिडकीचे गज खाणारा हाच, आणि पावसाला हात देणाराही हाच. मीठ ओलावा ओढून घेतं, त्यामुळे त्याच्यावर पाण्याचा थेंब लवकर बसतो आणि मोठा होतो. ढगातला थेंब मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. असे दहा लाख थेंब एकत्र आले की पावसाचा एक टपोरा थेंब होतो. मोठे-लहान थेंब मिसळलेले असले की मोठे वेगाने पडताना लहानांना गिळत जातात. घाटमाथ्यावरच्या कितीतरी सरी अशाच, बर्फाची गरज न लागता, कमी उंचीच्या ढगांतून कोसळतात. ढगात धुराचे कण अतोनात झाले तर तेवढीच वाफ जास्त कणांत वाटली जाते, सगळे थेंब बारीक राहतात आणि एकमेकांना भिडायला वेळ लागतो. हेच तपासायला मौसमविज्ञान संस्थेने २०१२ साली महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा उभी केली. पावसाळ्यात तिथे ढगच जमिनीवर उतरतो, विमानाने वर जावं लागत नाही.

कणांना सीमा नसते. १९९९च्या जानेवारी ते मार्चमध्ये ‘इंडोएक्स’ या मोहिमेत वीरभद्रन रामनाथन, पॉल क्रुट्झन आणि अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरावर तीन किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेला तपकिरी धुरकट थर मोजला. त्यात काजळी होती, सल्फेटं होती, राख होती, बरीचशी दक्षिण आशियातल्या चुली, वाहनं आणि भट्ट्यांमधली. सल्फेटं ऊन परतवतात, काजळी ते शोषते. खाली समुद्राला ऊन कमी पोचतं आणि वर हवा तापते. उलट दिशेनेही येणं असतंच. २०२२च्या जानेवारीत पाकिस्तानकडून उठलेलं धुळीचं वादळ अरबी समुद्र ओलांडून मुंबईवर आलं, सूर्य पांढुरका झाला आणि उभ्या गाड्यांवर पिठासारखी धूळ बसली.

आता त्या खोलीची खिडकी उघडू. जूनची पहिली तारीख उलटली आहे, आभाळ भरलंय, अंगणात अजून थेंब नाही. तापलेल्या मातीत स्ट्रेप्टोमायसीस जातीचे जिवाणू असतात आणि ते जिओस्मिन नावाचा पदार्थ बनवतात. पावसाचा थेंब सच्छिद्र मातीवर आपटला की त्याच्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात, थेंबातून वर चढून फुटतात आणि सूक्ष्म तुषार हवेत उडवतात. सोड्याच्या ग्लासात होतं तसं. त्या तुषारांवर बसून जिओस्मिन वाऱ्याबरोबर निघतं. हवेच्या एक लाख कोटी भागांत त्याचे मोजके भाग असले तरी माणसाच्या नाकाला ते कळतं. आपल्या चाळीस किलोंच्या पोत्यात त्याचं वजन करायला घरातला कुठलाही तराजू पुरणार नाही. पण ओटीवर तांदूळ निवडत बसलेली आजी सूप खाली ठेवते, एक खोल श्वास घेते आणि आत हाक मारते, “अगो, वाळवणं काढा. डोंगराकडे पाऊस लागलो.”